एक घोट पाणी घ्या

उद्या प्रॅक्टिकल.
आडगावात रात्रीचे सव्वादोन,
खोलीत एकच हीटर, तोही सायमाकडे तोंड करून,
आणि मी पिट्युटरीपाशी अडकलेय.
वाटाण्याएवढी.
कवटीतल्या खोगिरावर बसून अख्ख्या घराला धाकात ठेवते.
सायमा म्हणते, अगदी आमची मालेगावची फुप्पी.

रक्तात खालचा हार्मोन वाढला की वरचा हुकूम थांबतो,
कमी झाला की पुन्हा सुटतो.
याला मॅडमनी दोन तास घेतले, तीन रंगांचे खडू.
मला ते आधीच ठाऊक होतं:
दोन दिवस फोन नाही केला की आईचे नऊ मिस्ड कॉल,
रोज केला की म्हणते,
बरं, ठेव आता, अभ्यास कर.

हार्मोन हा शब्दही मी वर्गात नाही शिकले.
पिंपळगावच्या बागेत, तिसरीत असताना,
अण्णा बादलीत जीए कालवायचे
आणि आम्ही चुलत भावंडं प्लास्टिकचे मग घेऊन ओळीनं.
घड बुडवायचा, हलवायचा, थेंब झटकायचा, पुढचा.
बोटं दुपारपर्यंत बधिर.
जास्त झालं तर काय होतं, मी विचारलं.
मणी फुगतो, अण्णा म्हणाले,
पण देठ लाकूड होतो. चव जाते.
इतकंच. मग ओरडले, गप काम कर, सावलीतली वेल राहिली.

आज अ‍ॅक्रोमेगालीचं पान.
जबडा रुंदावतो, अंगठी बोटातून निघत नाही,
जुन्या फोटोतला माणूस तो नव्हेच असं वाटतं.
मी पेन्सिलनं कडेला लिहिलं: देठ.
सायमानं वाचलं तर हसेल.

एक गोष्ट मात्र पाठ होत नाहीये.
मागच्या महिन्यात वॉर्डात चांगुणाबाई गावित होती,
सुरगाण्याच्या वरच्या पाड्यावरची.
गळ्यात काळ्या मण्यांची पोत,
गाठीवर चढून आडवी झालेली.
आमची बॅच तीसजणांची.
प्रत्येकानं मागं उभं राहून दोन्ही हातांनी मान चाचपली,
प्रत्येकानं म्हटलं, एक घोट पाणी घ्या.
मी सव्विसावी.
पेला पुढं केला तर ती हळूच म्हणाली,
बाय, पोटात पानीच पानी झालं.
कोरडंच गिळून दावू?
गिळलं तिनं.
गाठ माझ्या बोटांखाली वर गेली, खाली आली,
पुस्तकात आहे तशी, अगदी आज्ञाधारक.
मी लिहिलं: गिळताना सरकते.
आणि 'किती दिवसांपासून' या रकान्यात
पुढच्या मुलीच्या कागदावर बघून लिहिलं,
दहा वर्षे.
विचारलं नाही.
ती माझ्याकडे बघून म्हणाली,
पास व्हशील ना?

साडेतीन.
अ‍ॅडिसन्स झालं, कुशिंग्ज अर्धं,
कॅल्शियमला अजून हात नाही लावलेला.
व्हायवाला दिघावकर सर असतील तर कॅल्शियमच विचारतात,
उत्तर येत नसलं की चष्मा काढून पुसतात,
ते जास्त वाईट.

पहाटे कॉर्टिसॉल चढू लागतो,
झोपलेल्यांच्याही अंगात, न सांगता.
निफाडला पारा पाचवर आलाय म्हणे.
अण्णा उठले असतील,
ओळींच्या मधे शेकोट्या पेटवत असतील
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
आईला फोन करावासा वाटतो. नको.
ती झोपेतच उचलेल आणि मग झोपणार नाही.

बॅग भरते: स्टेथो, टॉर्च, टेप, हातोडी, ट्यूनिंग फोर्क.
पाण्याची बाटली भरून वर ठेवते,
मग काढून बाजूला ठेवते.
मग पुन्हा ठेवते.

बेसिनवरच्या आरशात एक घोट घेऊन बघते,
दोन बोटं गळ्यावर.
काहीतरी वर जातं, खाली येतं.
सायमा पांघरुणातून विचारते,
काय चाललंय तुझं?
काही नाही गं, म्हणते,
आणि दुसरा घोट घेते.
खरंच पोटात पाणीच पाणी होतं.